वालजीची गाठ

"कापून टाका की, वालजीकाका," खालून शेठचे कारकून मेहताजी म्हणाले. "गलबतच राहिलं नाही, तर दोर कुणासाठी जपताय?"

वालजी वर दोर चाचपत होता. 'रूपसागर' रेतीच्या दांड्यावर एका कुशीवर पडलं होतं. मागचा भाग लाटांनी फोडून नेला होता आणि मलबारहून भरून आणलेलं सागवान पार पुढच्या दोन गावांपर्यंत किनाऱ्याला लागलं होतं. नाळ, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, तेवढी शाबूत होती. तिच्या दोन्ही अंगांना एकेक नांगर, भर समुद्रात असावेत तसे आवळून बांधलेले. शेठचं नवं गलबत आमच्या मांडवी बंदरात, नदीकाठी तयार होत आलं होतं. त्याला नांगर हवे होते. म्हणून शेठनी मेहताजींबरोबर उंटगाडी पाठवली होती, आणि वालजीला. नांगराचं काम म्हटलं की आमच्या बंदरात वालजीचंच नाव निघायचं. या गलबतावर नांगर बांधणारा त्याचा जावई लधा होता, हे शेठच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण दुसऱ्या कुणाला पाठवायचं?

मोठ्या नांगराला दोन ठिकाणी बांध होता. मागचा सुरीने कापलेला होता. काथ्याची तुटकी टोकं वाऱ्यावर हलत होती. पुढच्या बांधावर सुरीचे वार होते, पण तो तुटला नव्हता. वालजीने त्या वारांवरून अंगठा फिरवला. मग कमरेला खोचलेला लाकडी खिळा काढला, गाठीत घुसवला आणि ती सोडवू लागला.

"भरती चढेल हो," मेहताजी म्हणाले.

"चढू दे."

मेहताजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि ते उंटाच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

वालजीला दोराची माया नव्हती. त्याला बघायचं होतं, ही गाठ सुटायला किती वेळ लागतो. हात कोरडे होते, ऊन लख्ख होतं, पायाखालचं लाकूड हलत नव्हतं. चाळीस वर्षं हेच काम केलेली त्याची बोटं होती. तरी गाठ हलेना. किनाऱ्यावर, बरोबर आलेल्या जुसबने तीन दगडांची चूल मांडली, वाळकी झुडपं गोळा केली, चहाचं आधण ठेवलं. चहा उकळला. सगळ्यांनी तो बशीत ओतून घेतला, प्यायला. जुसबने भांडी रेतीने घासून ठेवली. तेव्हा कुठे नाळेवर खडखडाट झाला आणि नांगर एका अंगाला कलला.

वालजी खाली उतरला. बोटांची टोकं सोलून निघाली होती.

"वाळलाय ना दोर," जुसब म्हणाला. "खारं पाणी पिऊन वाळला की काथ्या दगडासारखा होतो. त्या दिवशी एवढा नसेल."

"ओला असला की फुगतो," वालजी म्हणाला. "ओला जास्त वाईट."

जुसबने चुलीवर रेती लोटली. 'रूपसागर'वर रांधणारा तो. नऊ माणसांतला एवढाच वाचला होता, पाण्याचं रिकामं पिंप कवटाळून. शेठच्या सांगण्यावरून जागा दाखवायला आला होता, पण गलबताला हात लावायला तयार नव्हता. पाठ करून बसला होता.

"आता सांग," वालजी म्हणाला. "घरी आलास तेव्हा माझी मोंघी समोर होती म्हणून तू काही बोलला नाहीस. आता इथे ती नाही."

जुसबने रेतीवर बोटाने रेघ ओढली आणि पुसली.

"वारा पश्चिमेचा होता, वालजीभा. धुरळा एवढा की डोलकाठीचं टोक दिसेना. नाखवा म्हणत होता, अजून जमीन लांब आहे. प्रवाहानं आम्हाला आत ओढलं ते कुणालाच कळलं नाही. दिवस कलता कलता लाटा फुटल्याचा आवाज आला, अगदी जवळ. नाखवा ओरडला, नांगर पाण्यात सोडा, गलबत थोपवा. लधा नाळेवर गेलाच होता. आधी हातानं बघितलं त्यानं, मग सुरी काढली. एक बांध तोडला. दुसऱ्याला लागला. मी त्याच्या कमरेचा दोर धरून उभा होतो. लाट आली की दोघंही पाण्याखाली जायचो. वर आलो की तो पुन्हा सुरी चालवायचा." जुसबने तळहात रेतीला पुसले. "एकदा वर आला तेव्हा हसला. मला म्हणाला, जुसब, बापाची गाठ आहे, समुद्रालासुद्धा सुटायची नाही."

उंट फुरफुरला. मेहताजींनी घड्याळ काढून पाहिलं.

"मग?"

"मग गलबत आपटलं. माझ्या हातात दोर राहिला."

जुसबने हे कौतुकाने सांगितलं होतं. जावयाच्या शेवटच्या बोलण्यात सासऱ्याचं नाव होतं, ते पोचवणं त्याला आपलं काम वाटत होतं. वालजी उठला. दुसऱ्या नांगराचे बांध त्याने तशीच बोटं घालून सोडवले. भरतीचं पाणी उंटाच्या गुडघ्यांना लागलं, तेव्हा दोन्ही नांगर गाडीत पडले होते.

*

वालजी खारव्याला लोक ओळखायचे ते त्याच्या गाठीमुळे, आणि ती गाठ जन्मली होती त्याच्या भावामुळे.

ऐन तारुण्यात तो आणि त्याचा थोरला भाऊ हिरजी एकाच गलबतावर होते. झांझिबारहून लवंग भरून परत येत होते. त्या काळी नांगर बांधायचे ते सरकफाशाने. एक टोक ओढलं की झटकन मोकळं. बंदरात शिरताना सोयीचं पडतं, म्हणून सगळेच तसं बांधायचे. अरबस्तानाच्या किनाऱ्याबाहेर समुद्र खवळला. नाळ पाण्यात जायची आणि वर यायची, आणि असं होता होता फासा सरकला. सुटलेला नांगर दोरावर लोंबकळत, लाटेसरशी नाळेच्या फळ्यांवर आपटू लागला. आणखी थोडा वेळ तो तसा आपटता तर फळी फुटून सगळेच बुडाले असते. हिरजी त्याला आवरायला खाली वाकला. लाटेने नांगर उचलला आणि हिरजीला फळीशी चिरडलं. वालजीने त्याला वर ओढून घेतलं. हिरजी दोन दिवस होता. तिसऱ्या सकाळी त्याला शिडाच्या कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं.

त्यानंतर वालजीने पुन्हा कधी सरकफासा बांधला नाही. भर समुद्रात नांगर हलता कामा नये, एवढं एकच तो जाणत होता. काथ्याचे वेढे, वेढ्यांवर आडवे वेढे, आणि शेवटी टोक आतून ओढून घेतलेली गाठ. जमीन जवळ आली की ती सोडून साधी करायची. नाखवे सुरुवातीला हसायचे. म्हणायचे, वालजी, नांगर बांधतोस की म्हशीला दावं लावतोस? पण पुढे ज्या गलबतावर वालजी, त्याचा नांगर कधी सुटला नाही, हे लोकांनी पाहिलं. हळूहळू आमच्या बंदरातले सगळेच नाळेवाले त्याची गाठ शिकले.

गुडघे गेले तेव्हा तो घरी बसला. मुलगी एकच, मोंघी. तिची आई लवकर गेलेली. खाडीपलीकडच्या सलाया गावच्या लधाशी तिचं लग्न ठरलं. लधा मांडवीच्या गलबतांवर काम करायचा, म्हणून लग्नानंतर दोघं वालजीकडेच राहिली. लधा बोलका होता, हातातली सुपारी बोलता बोलता विसरणारा. वालजीने त्याला अंगणातल्या खांबावर गाठ शिकवली. लधाने पहिल्यांदा बांधली ती वालजीने एका हिसक्यात सोडली. दुसऱ्यांदा तसंच. पुढे एक दिवस वालजीला ती सुटेना. लधा उंबऱ्यावर बसून हसत होता.

"मोंघी," तो आत बघून म्हणाला, "तुझ्या बापाला त्याचीच गाठ सुटेना. आता त्यांना रोटला वाढ, दमलेत बिचारे."

वालजीही हसला होता. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, आता आपण मेलो तरी चालेल.

*

नांगर नदीकाठी उतरवून वालजी घरी आला, तेव्हा मोंघी बाजरी निवडत होती. हातात अजून बांगड्या होत्या. नाखवा आणि इतर पाचजण यांचे देह मिळाले होते. लधाचा नव्हता, आणखी एकाचा नव्हता. जोवर देह नाही तोवर ती बांगड्या उतरवणार नव्हती. बायका समजावून थकल्या होत्या.

तिने बापाच्या बोटांकडे पाहिलं. उठून हळद आणि तेल आणलं.

"कापलेला होता का बांध?" बोटांना तेल लावता लावता तिने विचारलं.

"एक."

"आणि दुसरा?"

"तुटला नव्हता."

तिने फडक्याची पट्टी फाडली. "जुसबचाचा काय म्हणाला?"

वालजीला काहीबाही सांगता आलं असतं. जुसबला काही आठवत नाही असं सांगितलं असतं तर तिने विश्वासही ठेवला असता. पण त्याला वाटलं, हिच्याशी खोटं बोललो तर मग आपल्याला या घरात कुणी उरणार नाही. त्याने सगळं सांगितलं. लधा हसला होता तेसुद्धा.

मोंघीने पट्टी बांधली. टोकं कशी बांधायची यापाशी तिचे हात अडले. मग तिने ती नुसतीच खोचून ठेवली.

"त्याला आधी सोडता आली असती," ती म्हणाली. "जमीन जवळ आल्यावर सोडायची असं तुम्ही शिकवलं होतंत. मी ऐकलं होतं."

"जमीन जवळ आलीय हे त्यांना कळलंच नाही."

"आणि कळलं नाही तर काय करायचं, ते नव्हतं शिकवलं."

"ते मलाही ठाऊक नाही, पोरी."

ती पुन्हा बाजरीच्या सुपाकडे वळली. खडे बाजूला टाकल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

*

पावसाळ्यात बंदर बंद झालं. ज्यांचे देह मिळाले नव्हते त्या दोघांसाठी गोरबापांनी, म्हणजे भटजींनी, दर्भाच्या पुतळ्या केल्या. नदीकाठी चिता रचली. मोंघीच्या सासूला सलायाहून आणलं होतं. म्हातारी कुणाचा तरी हात धरून आली. तिला दिसत नव्हतं. पुतळीवरून हात फिरवून ती म्हणाली, "एवढासा झाला गं माझा." त्या वेळी मोंघीने स्वतःच बांगड्या काढल्या आणि पाण्यात टाकल्या. रडली नाही. बायकांना त्याचीच जास्त भीती वाटली.

पाणी ओसरून वाटा मोकळ्या झाल्या तशी मोंघीने गाठोडं बांधलं.

"मी सलायाला जाते, बापा. तिथे आई एकट्या आहेत, त्यांना दिसत नाही."

"जा की. महिनाभर राहून ये."

"यायचं नाही."

वालजी उंबऱ्यावर बसला होता. त्याने वर पाहिलं.

"तुम्ही चूक केलीत असं मी म्हणत नाही," मोंघी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, जसं कालचं ताक आंबलंय असं सांगावं. "तुम्ही त्याला मरायला शिकवलं नाहीत. मला कळतं ते. पण तुमचे हात दिसले की मला तो दोर दिसतो. तुम्ही रोटल्याचा तुकडा मोडता आणि माझा घास उतरत नाही. किती दिवस असं जेवायचं?"

"मी मागच्या पडवीत बसून जेवेन."

"बापा."

एवढंच म्हणाली ती. त्या एका हाकेत तिने त्याला लहानपणापासून मारलेल्या सगळ्या हाका होत्या. वालजीने मान खाली घातली आणि हात मांडीखाली घेतले.

तो तिला होडीपर्यंत पोचवायला गेला. खाडीपलीकडे जाणारी होडी भरलेली होती, कोंबड्या, गुळाच्या भेल्या, माणसं. मोंघीने चढण्याआधी वाकून त्याच्या पायाला हात लावला. होडी सुटल्यावर तिने मागे वळून पाहिलं की नाही, हे त्याला दिसलं नाही. माणसं मध्ये होती.

*

नारळी पौर्णिमा होऊन गेली आणि शेठचं नवं गलबत पाण्यात उतरलं. त्या गलबताचा परसोतम नाखवा स्वतः वालजीकडे आला. नवं गलबत पहिल्यांदा निघताना नांगर जुन्या जाणत्या माणसाने बांधायचा, अशी आमच्याकडे रीत आहे.

"दुसऱ्याला सांगा," वालजी म्हणाला.

"दुसऱ्याला सांगितलं तर लोक काय अर्थ काढतील, काका? तुमच्यावर बोट ठेवल्यासारखं होईल ते. मला तसं करायचं नाही." परसोतम भला माणूस होता. "नांगर तेच आहेत. शुभ नाही म्हणतात काही जण. तुम्ही हात लावलात तर त्यांची तोंडं बंद होतील."

वालजी गेला. धक्क्यावर बायका जमल्या होत्या, नारळ फुटत होते. नाळेवर नवा नाळेवाला उभा होता, भीमशी. दांडग्या खांद्यांचा, मितभाषी. लधाचा मित्र. ही गाठ तो लधाकडूनच शिकला होता. त्याने वालजीच्या हातात नवा काथ्या दिला आणि आदराने दोन पावलं मागे सरला.

वालजीने वेढे घातले. वेढ्यांवर आडवे वेढे घातले. हात आपले आपण चालत होते. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा तो थांबला. टोक आतून ओढून घेतलं की ती त्याची गाठ. दुमडून फासा ठेवला की जुना सरकफासा, एका हिसक्यात मोकळा. एका बाजूला हिरजी होता, फळीशी चिरडलेला. दुसऱ्या बाजूला लधा, ओल्या काथ्यावर सुरी चालवणारा. त्याने दोघांचीही तोंडं आठवून पाहिली. कुणीच काही सांगेना.

"काका, ओहोटी लागलीय," परसोतमने हाक दिली.

वालजीने टोक दुमडलं आणि फासा ठेवला. हिरजी गेल्यापासून पहिल्यांदा.

भीमशीने ते पाहिलं. त्याच्या कपाळावर किंचित आठी पडली आणि गेली. दुसरा नांगरही वालजीने तसाच बांधला. उतरताना भीमशीने त्याला दंडाला धरून आधार दिला.

"एका हिसक्यात सुटते ती," वालजी म्हणाला. "लक्षात ठेव."

"हो, काका."

गलबताने दोर सोडले. ओहोटीबरोबर ते नदीच्या मुखाकडे सरकत गेलं. धक्क्यावरची माणसं ओरडत होती, हात हलवत होती. मुखाबाहेर गेल्यावर परसोतमने शीड उभारलं आणि गलबत वाऱ्यासाठी वळलं. नाळ आडवी झाली, स्पष्ट दिसू लागली.

नाळेवर एक माणूस वाकला होता. लांबून तोंड दिसत नव्हतं, पण खांदे दिसत होते. त्याने फासा सोडला. नंतर एक पाय काठाला टेकवून, सगळं अंग मागे टाकून त्याने दोर ओढला. पुन्हा ओढला. असं ओढायला लागतं ते एकाच गाठीला. वालजीला ते पाहण्याचीही गरज नव्हती, डोळे मिटूनही कळलं असतं. भीमशी दुसऱ्या नांगराकडे गेला आणि तिथेही तो तसाच वाकला.

ओरडून काही ऐकू गेलं नसतं. आणि ओरडायचं तरी काय? बाहेर समुद्र मोकळा होता, वारा चढत होता. त्या जागी वालजी असता तर त्यानेही हेच केलं असतं.

त्याच्या शेजारी भीमशीची आई उभी होती, नारळाच्या पाण्याने भिजलेला पदर हातात धरून. तिची नजर अधू होती. तिला शिडाचा पांढरा ठिपकाच तेवढा दिसत असावा.

"वालजीभा," ती म्हणाली, "नांगर बांधलेत ना नीट?"

वालजीने गलबताकडे पाहिलं. नाळेवरचा माणूस आता ताठ उभा राहिला होता.

"नीट बांधलेत, बाई," तो म्हणाला.

"मग घोर नाही," ती म्हणाली. टोपली डोक्यावर घेतली आणि सुनेला हाक मारत घराकडे निघाली.